इनासकाकांचा होकार

“काढा! अहो, काढा हे! बोट गेलं माझं! आईशप्पथ, बोट गेलं!”

ओरडणारे गृहस्थ म्हणजे देशपांडे साहेब. एका औषध कंपनीचे खरेदी बघणारे, पंचावन्नच्या घरातले, आणि या आरोळीच्या पाच मिनिटं आधीपर्यंत इतके सभ्य, की चहाच्या कपालासुद्धा ‘या, बसा’ म्हणतील. आता ते अंधेरीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गाळ्यात उजवा हात हवेत धरून एका पायावर नाचत होते. त्या हातात आमचा मोजा होता.

मोजा म्हणजे थंडीतला लोकरीचा नव्हे. प्रत्येक बोटावर कड्या, कड्यांतून ओवलेल्या सायकलच्या ब्रेकसारख्या बारीक तारा, आणि त्या तारा खेचायला मनगटापासून कोपरापर्यंत बांधलेल्या पाच छोट्या मोटारी. काचेपलीकडच्या टेबलावर यंत्राचा एक हात. इकडे तुम्ही बोट मिटलं की तिकडे तो बोट मिटतो. तिकडे त्याने काही धरलं की इकडच्या तारा ताणतात आणि तुमच्या बोटांना कळतं, की बाबा, वस्तू लागली, आता थांब. माणसाने श्वासही घेऊ नये अशी औषधं ज्या खोल्यांत भरतात, तिथे माणसाऐवजी असला हात आत ठेवायचा आणि माणूस बाहेर, असा सगळा बेत. साहेब त्यासाठीच आले होते. पलीकडचा हात काचेच्या कुपीला नुसता शिवला, आणि इकडच्या तारांनी साहेबांची चार बोटं अशी मागे ओढली की ती मनगटाला भेटून परत आली. त्यांच्या किंकाळीने पवईच्या तलावातली मगर पाण्याखाली गेली म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

आमच्या मृणालने झेप घेऊन लाल बटण दाबलं. मोटारी सुटल्या. साहेबांचं मधलं बोट बघता बघता भरताच्या वांग्यासारखं सुजलं.

आणि या सगळ्यात साहेबांच्या शेजारी, शांतपणे उभे असलेले इनासकाका म्हणत होते, “साहेब, हात सैल सोडा तुम्ही. लोण्यासारखा हाय तो. आत्ताच मी घालून बघितला.”

त्यांनी खरंच बघितला होता. आणि त्यांना तो खरंच लोण्यासारखा लागला होता. या माणसाविषयी जे काही सांगायचं, ते सगळं त्या वाक्यात आहे. पण ते आम्हाला कळायला साहेबांचं बोट मोडावं लागलं.

मी त्या कंपनीत विक्रीला होतो. म्हणजे जे अर्धं खरं असेल ते पूर्ण करून सांगायला मला नेमलं होतं. ही सवय जिभेला इतकी लागली आहे की आता कुणी वेळ विचारली तरी मी दहा मिनिटं वाढवून सांगतो. पण इनासकाकांच्या बोटांबद्दल मी जे सांगतो त्यात फार तर चार आणे माझे, बारा आणे त्यांचेच.

मरोळच्या गावठाणातलं जुनं ख्रिस्ती कुटुंब. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, आणि लेथ मशीनला शिव्याही मराठीतच. कुर्ला रोडवरच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. कारखाना गेला, तिथे काचेची इमारत आली, तरी काकांच्या हातातला फिटर गेला नाही. दोन लोखंडी पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, कडेवरून अंगठा फिरवायचा, आणि वरची पट्टी केसाच्या कितव्या भागाने पुढे आली आहे ते सांगायचं. मग आम्ही मापाने तपासायचो. माप ओशाळायचं. मरोळच्या बाजारात कलिंगडवाला त्यांना लांबूनच हात जोडायचा. कारण काकांनी एका कलिंगडावर टिचकी मारून ‘नाय’ म्हटलं, की मागची सहा गिऱ्हाइकं आपापली कलिंगडं परत ठेवायची. गावठाणात कुणाचं पोर तापलं तर थर्मामीटर नंतर, आधी इनास. ते कपाळावर हात ठेवून पूर्णांकावर थांबत नसत. “एकशे एक आणि वर थोडा,” म्हणायचे. आणि वर थोडा असायचाच.

उजव्या हाताची बडदास्त म्हणजे एखाद्या संस्थानिकाची. त्या हाताने ते पिशवी उचलत नसत, टाळी वाजवत नसत, दार लोटत नसत. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत शेवटी शेवटी शेजाऱ्याला हात देऊन शांती असो म्हणतात, तेव्हा काका डावा पुढे करायचे. फादरनी दोनदा समजावलं. काका म्हणाले, “फादर, शांती डाव्या हातानं पण पोचते. उजव्याला उद्या काम हाय.” रात्री उजवा हात उशीवर आणि डोकं गादीवर, असं झोपतात अशी आमच्याकडे वदंता होती. ती मीच सोडली होती, पण कुणाला खोटी वाटली नाही.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. “डोळा वकील हाय रे. बोट साक्षीदार.”

आमच्याकडे ते आले ते गाळ्याचं शटर दुरुस्त करायला. शटर अर्ध्यात अडकलं होतं आणि आम्ही आठवडाभर ओणव्याने ऑफिसात शिरत होतो. काकांनी शटर दहा मिनिटांत सोडवलं आणि पाणी प्यायला आत आले. आत मृणाल मोजा समोर ठेवून रडकुंडीला आली होती. मृणाल म्हणजे मुलुंडची इंजिनियर मुलगी. मोज्यातलं डोकं सगळं तिचं. तीन दिवस एक बोट विचित्र वागत होतं आणि तिच्या पडद्यावरचे आकडे म्हणत होते, सगळं ठीक.

“मी घालू काय?” काकांनी विचारलं.

“घाला,” मृणाल म्हणाली. ती इतकी कंटाळली होती की शटरवाल्याच काय, मांजराने मागितला असता तरी दिला असता.

काकांनी मोजा घातला. पलीकडच्या हातात एक टेनिसचा चेंडू होता. काकांनी तो दाबला, सोडला, दाबला. डोळे मिटले.

“हे मधलं बोट खोटं बोलतंय.”

“म्हणजे?”

“बाकीची चार सांगतात चेंडू हाय. हे सांगतंय चेंडू हाय, पण आधी कायतरी घासतंय. दुसऱ्या पेराच्या इथं.”

मृणालने तार उपसून काढली. दुसऱ्या पेराच्या कडीत तारेचा एक धागा, केसाहून बारीक, तुटून वर आला होता. भिंग घेऊनही तिला तो पटकन दिसला नाही.

आमचे मालक जिग्नेशभाई, घाटकोपरचे, देवभोळे आणि यंत्रभोळे. ते केबिनमधून धावत आले, काकांचा हात हातात घेतला, मग घाईने सोडून डावा घेतला. “काका, तुमी उद्यापासून हितंच बसा. तुमी फक्त हात लावायचा. दुसरं काय पण नाय करायचं.”

असे इनासकाका आमचे हात झाले.

पुढे जे झालं त्याला चूक म्हणावं तर आमच्याइतक्या शहाण्यांनीच ती करावी अशी होती. मोज्याची तार किती ताणली जावी हे ठरवायला आमच्याकडे एक काटा होता. मोज्याला जोडायचा, तो आकडा दाखवायचा. सुरुवातीला मृणाल काट्यानेही मोजायची आणि काकांनाही विचारायची. पडद्यावरची पट्टी ती हळूहळू सरकवायची, काका डोळे मिटून बसायचे.

“अजून थोडं… अजून… अजून जरा… हाय.”

हे ‘हाय’ म्हणजे होकार. आणि काटा दर वेळी बरोबर तिथेच उभा. एकदा दोघांत फरक पडला. मृणालने काटा तपासायला धाडला, तर काटाच बिघडलेला निघाला! त्या दिवशी जिग्नेशभाईंनी पेढे वाटले. काटा दुरुस्त होऊन आला तो थेट मृणालच्या खणात, बिस्किटांच्या पुड्यांखाली गेला. मोज्याच्या तपासणीच्या कागदावर ‘ताण योग्य’ असा एक रकाना होता. तिथे आम्ही आकडा लिहिणं सोडलं. त्याजागी लिहायला लागलो: ‘इ.का. हाय.’

दीड वर्ष आम्ही ते लिहीत होतो.

पहिल्यांदा मोटारी जळायला लागल्या. एक जळली, मग दोन, मग आठवड्याला एक. मी मोटारवाल्याकडे जाऊन इतका तमाशा केला की त्याच्या शेजारच्या दुकानदाराने आपलंही शटर ओढून घेतलं. मोटारवाला बिचारा म्हणत होता, तुम्ही हिच्याकडून बैलाचं काम घेताय. मी म्हटलं, “तुझ्या मोटारीत दम नाही, बैलाचं नाव नको घेऊस!” मग तारा तुटायला लागल्या. आम्ही जाड तारा आणल्या. मग मृणालचं मनगट दुखायला लागलं. ती पट्टा बांधून यायची.

“काका, मला वाटतं जरा जास्त होतंय. ओढ बसते हो.”

“तुम्हा पोरींनी पीठ मळायचं सोडलं, म्हणून,” काका हसायचे. “हातात जीव नाय राहिला. बघ, मी घालतो.” ते घालायचे. पलीकडच्या हाताने कुपी उचलायचे, झाकण फिरवायचे, जागेवर ठेवायचे. एकही कुपी कधी फुटली नाही. ओठसुद्धा हलायचा नाही. मृणाल बघत राहायची आणि संध्याकाळी मेडिकलमधून नवा पट्टा घेऊन जायची.

आम्ही प्रत्येकाने आपापल्या हातावर संशय घेतला. त्यांच्या हातावर एकानेही घेतला नाही. मीसुद्धा एकदा मोजा घातला होता. कोपरापर्यंत अशी सणक गेली की डोळ्यांपुढे गणपतीची आरास दिसली. मृणालने विचारलं, “कसा आहे?”

मी म्हटलं, “झकास!”

एकदा काका ऑफिसात एकच चप्पल घालून आले. दुसरी कुठे तरी रस्त्यात पायातून निघून गेलेली, आणि यांना पत्ता नाही. गाळ्याच्या दारात मीच ओरडलो, “काका, दुसरी चप्पल चर्चला दान केली काय?” सगळे हसलो. काकाही हसले. मग त्यांनी खाली पायाकडे बघितलं, आणि हसणं जरा जास्त वेळ चालू ठेवलं. हे ‘जरा जास्त वेळ’ मला आता आठवतं. तेव्हा मी पुढचा विनोद शोधत होतो.

आणि फुगियांची गोष्ट. ही तर मी अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत सांगत फिरलो.

काकांच्या पुतणीचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी यांच्यात उंबराचं पाणी असतं. विहिरीवर वाजतगाजत जायचं, पाणी आणायचं, आणि तोवर इकडे अंगणात फुगियांची कढई चढवायची. मैद्याचं आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधून गोळा वर आला की तो अल्लद तेलात सोडायचा. सैल आवळली तर ओघळ येतो, घट्ट आवळली तर शेपूट येते. गावठाणात पंचवीस वर्षं कढईवर काकाच बसत. त्यांच्या फुगिया एकाच साच्यातून काढल्यासारख्या, गोट्या खेळाव्यात अशा गोल.

मी कढईच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलो होतो, कारण पहिला घाणा तिथेच खायला मिळतो. त्या दिवशी फुगियांना शेपट्या येत होत्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकांनी हात कढईच्या आणखी जवळ नेला. मग आणखी. आणि मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं: त्यांच्या मधल्या बोटांची टोकं उकळत्या तेलात बुडाली, चांगली बुडाली, आणि काका पलीकडच्या बाईला सांगत होते, “बँडवाले आले काय बघ गो.”

कुणी तरी किंचाळलं. काकांनी हात वर घेतला, बोटांकडे बघितलं, आणि पंच्याला पुसून म्हणाले, “काय नाय. फिटरचा हात हाय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या, हो! पोरं शिट्ट्या मारायला लागली. आणि मी सोमवारी ऑफिसात येऊन जे वर्णन केलं, त्यात काकांनी तळातली फुगिया हाताने काढली होती. बुधवारपर्यंत त्यांनी कढईत हात धुतले होते. मोटारवाल्याकडे ही गोष्ट पोचली तेव्हा काका त्या तेलात आंघोळ करून निघाले होते. एकाने तरी विचारावं ना, की अरे, भाजलं तर माणूस हात मागे का घेत नाही? मीच विचारू दिलं नाही. माझी गोष्ट इतकी मोठी झाली होती, की तिच्या आड एक माणूस उभाच्या उभा लपला.

काकांनी त्या बोटांना पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी मोज्याला होकार दिला.

देशपांडे साहेबांना आम्ही हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. जाताना त्यांनी जिग्नेशभाईंना एवढंच सांगितलं, की दहा दिवसांनी पुन्हा येईन, तेव्हा डाव्या हाताने घालून बघेन. तोही मोडला तर माझ्याकडे तिसरा नाही. सभ्य माणूस शेवटी सभ्यच.

मृणालने परत येऊन खणातला काटा काढला. बिस्किटांचा चुरा झटकला आणि मोज्याला जोडला. काटा फिरला, फिरला, आणि पट्टीच्या टोकाला जाऊन थरथरत उभा राहिला. त्याला त्याच्यापुढे जागाच नव्हती.

“काटा बिघडलाय,” काका म्हणाले. “मागे पण बिघडला होता.”

“काका, इकडे बसा.”

“काटा बिघडलाय मृणाल.”

“बसा ना. डोळे मिटा. हात टेबलावर ठेवा. मी पेन्सिल लावते, कुठलं बोट ते सांगा.”

काकांनी डोळे मिटले. गाळ्यात आम्ही सहा माणसं होतो आणि पंखा सोडून कुणी हलत नव्हतं. मृणालने करंगळीला पेन्सिल लावली.

“अंगठा,” काका म्हणाले.

तिने पहिल्या बोटाला लावली, जरा दाबून. काकांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. शेजारच्याची पाटी दिसते का बघणाऱ्या.

“करंगळी? नाय, थांब. मधलं.”

तिने पेन्सिल बाजूला ठेवली. काही लावलंच नाही. नुसती बसून राहिली.

“हां, हे अंगठा!” काका एकदम म्हणाले. “हे कळलं! हे बरोबर ना?”

काकांनी डोळे उघडले, टेबलावरची पेन्सिल बघितली, मृणालच्या मांडीवरचे रिकामे हात बघितले. माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं, त्या माझ्याकडे. मी चपलांकडे बघत होतो.

“साखर हाय मला,” ते म्हणाले. “पायाचं आधी गेलं. मग हे.”

“कधीपासून, काका?”

“फुगियांच्या आधीपासून.”

मग तो माणूस जो बोलायला लागला, ते मला वाढवता येत नाही, आणि कमीही करता येत नाही. डॉक्टर म्हणाला होता, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. काकांनी ते ऐकून घेतलं आणि त्यातल्या एकावरही विश्वास ठेवला नाही. सकाळी उठून ते कढत पाण्यात बोटं घालायचे. लाल मिरची वाटून टोकांना चोळायचे, आग होईल म्हणून वाट बघत बसायचे. आग डोळ्यांना व्हायची, बोटांना नाही. चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायचे, मेणबत्तीवर हात धरायचे. शर्टाची बटणं आरशात बघून लावायचे. गावठाणात पोर तापलं की कपाळावर हात ठेवायचे आणि आईच्या तोंडाकडे बघून आकडा सांगायचे. घरी मार्सेलीन काकूंना, त्यांच्या बायकोला, यातलं अक्षर माहीत नव्हतं.

“पण काका, मोजा?” मृणालने विचारलं. “तुम्ही मोजा एवढा छान कसा चालवता मग? एक कुपी फुटली नाही तुमच्या हातून.”

“मोज्यात कळतं ना!” काका जवळजवळ ओरडले. “तेच सांगतोय. बोटात नाय कळत. तार जोरात ओढली का मनगटात कळतं, कोपरात कळतं. कुपी हाय, काच हाय, गोल हाय, सगळं कळतं. घरी जातो तेव्हा हात बंद. हितं आलो का चालू. पहिला थोड्या ओढीत कळायचं. मग ते पण जायला लागलं. म्हणून अजून थोडं सांगायचो. तुला फसवायला नाय सांगितलं, मृणाल. खोटं नाय बोललो मी. मला कळलं तेव्हाच ‘हाय’ म्हटलं. दर वेळी.”

ते खरं होतं. दीड वर्ष या माणसाने एकही खोटा होकार दिला नव्हता.

“मला एक महिना दे,” ते म्हणाले. “परत येईल. मी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. गोरेगावला एक हाय म्हणतात. काटा नको लावू. एक महिना. जिग्नेशभाईंना सांग तू. तुझं ऐकतात ते.”

जिग्नेशभाई मागेच उभे होते. ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. आतून त्यांच्या देवाच्या घंटीचा आवाज येत राहिला, अवेळी.

दहा दिवस होते. सगळे मोजे काट्यावर लावून परत बांधायचे होते. मृणालने चार मोज्यांचा ताण उतरवला. पाचवा, काका रोज घालत तो, तसाच ठेवला. काका रोज येत राहिले, वेळेवर. खुर्चीत बसायचे, डावा हात उजव्यावर ठेवून. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. ते जेवणाच्या सुट्टीत तो पाचवा मोजा चढवायचे आणि पलीकडच्या हाताने टेबलावरच्या वस्तू एकेक उचलून ठेवायचे. स्क्रू. पुडा. मृणालची केसांची क्लिप. नुसतं धरायचे. एखादा माणूस घर सोडण्याआधी सगळ्या खोल्यांतून फिरून येतो, तसं.

नवव्या दिवशी ते माझ्याकडे आले. माझ्याकडे, कारण मृणालला विचारलं तर ती रडेल आणि जिग्नेशभाई घंटी वाजवतील.

“उद्या हा पण उतरवणार ना?”

“हो काका. साहेब येणार उद्या.”

“मग आज दुपारी मार्सेलीनला आणू काय? पाच मिनटं.”

काकू आल्या. लहानखुऱ्या, गुडघ्यांनी अधू, हातात रुमालाची घडी. त्यांना काचेपलीकडच्या टेबलापाशी स्टुलावर बसवलं. मृणालने पलीकडच्या हाताची पकड बांधून ठेवली होती, फूल धरावं तेवढीच मिटेल अशी. तिने ते तीनदा तपासलं, एकदा स्वतःचा हात देऊन. काकूंनी त्या लोखंडी बोटांकडे बघितलं, मग काचेतून नवऱ्याकडे. मग आपला हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून, बांगडीवाल्यापुढे ठेवतात तसा.

इकडे काकांनी डोळे मिटले. बोटं मिटायला लागली. तारा ताणल्या. त्यांच्या दंडाची शीर उभी राहिली. एवढ्या ओढीने तुमचा-माझा खांदा निखळला असता. पलीकडे तो यंत्राचा हात काकूंच्या हातावर आला आणि थांबला.

मग काकांचं मधलं बोट हललं. पलीकडचं बोट काकूंच्या अनामिकेवरून मागे-पुढे झालं, एकदा, दोनदा. केसाच्या कितव्या भागाने फरक आहे ते पाहावं तसं.

“मार्सेलीन,” ते म्हणाले. “तुझी अंगठी फिरते.”

काकूंनी मान हलवली. काकांचे डोळे मिटलेलेच होते.

“अंगठी सैल झालीय तुझी. किती बारीक झालीस तू? कधीपासून? मला का नाय सांगितलंस?”

काचेपलीकडून काकूंचा आवाज बारीक आला. “तुम्ही रोज हात धरता ना माझा. मला वाटलं, माहीत असेल.”

पाच मिनिटांची पंधरा झाली. मृणाल बटणापाशी उभी होती, पण दाबत नव्हती. शेवटी काका स्वतःच म्हणाले, “बंद कर.” तिने दाबलं. मोटारी सुटल्या, तारा लोंबल्या. पलीकडे यंत्राचा हात उघडला, काकूंनी आपला हात काढून घेतला. इकडे काकांची बोटं मात्र तशीच अर्धी मिटलेली राहिली, हवेत, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. मृणालने एकेक कडी सोडवून मोजा उतरवला. त्यांना ते कळलं नसावं. मोजा खणात गेला तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.

मी काकूंना जिन्यावरून खाली नेत होतो. काका वर आपला डबा आणि चष्मा गोळा करत होते. जिना चार मजल्यांचा, काकूंचे गुडघे कुरकुरत होते, आणि मला शांतता सोसत नाही. काही तरी मोठं, सांगण्यासारखं मिळेल या आशेने मी विचारलंच.

“काकू, कसं वाटलं हो? त्यांनी हात धरला तेव्हा?”

काकू एक पायरी उतरल्या. दुसरी उतरल्या.

“गार होतं,” त्या म्हणाल्या. “ह्यांना सांगू नको.”